चान्या : मटण घरी वाळवायचं आणि टिकवायचं कसं

चान्या करायला फार सामान लागत नाही. बिनचरबीचं मटण, मीठ, हळद, धारदार सुरी आणि कोरडी हवा. पहिल्या चार गोष्टी बाजारात मिळतात, पाचवी मिळत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांचं मटण बिघडतं ते बहुतेक वेळा या पाचवीमुळेच. म्हणून या लेखात मसाल्याबद्दल कमी आणि पाण्याबद्दल, हवेबद्दल जास्त सांगणार आहे. मसाला काय, रस्सा करतानाही घालता येतो.

ज्यांनी चान्या पाहिल्याच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, दोरीवर टाकून उन्हात कडक वाळवायच्या, मग त्यांचे लहान तुकडे करून मडक्यात किंवा डब्यात भरून ठेवायचे. लागतील तेव्हा मूठभर काढायचे, विस्तवावर भाजायचे नाहीतर रश्श्यात टाकायचे. महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांनी ही पद्धत पिढ्यान् पिढ्या सांभाळली. गावात मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. मांस यायचं ते एकदम पुष्कळ, आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसायचा. वाळवलं तरच ते पुढचे महिने पुरणार. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडून द्या असं सांगितलं, आणि ठिकठिकाणी लोकांनी ते सोडलं. मांस वाळवायचं ज्ञान मात्र मोलाचं होतं आणि आहे. आज जर्कीची, म्हणजे परदेशी पद्धतीने वाळवलेल्या मांसाची, महागडी पाकिटं विकत घेताना आपल्याच मातीत हे सगळं होतं, आणि ते कुणी जपलं, हे ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चान्या पूर्वी बहुतेक मोठ्याच्या, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या मांसाच्या, असत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हैस त्यात येत नाही. मी इथे बोकडाच्या मटणाचं सांगते, कारण ते सगळीकडे मिळतं आणि शिकायला सोपं आहे. म्हशीचं मांस घेतलं तरी कृती हीच. रानडुक्कर, ससा, हरीण असलं काही कुणी आणून दिलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि शिकारीचं मांस घरात सापडणं हा गुन्हा आहे. कोंबडीही पहिल्या खेपेला नको.

वाळवण्याने काय होतं, काय होत नाही

ताज्या लाल मांसात वजनाच्या जवळपास पाऊण हिस्सा पाणीच असतं. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला ते पाणी लागतं. मीठ त्यातलं काही पाणी धरून ठेवतं, म्हणजे ते जिवाणूंच्या उपयोगाचं राहत नाही. उरलेलं पुष्कळसं ऊन-वारा काढून नेतो. पाणी पुरेसं गेलं की वाढ थांबते. बस, मटण टिकण्याचं कारण एवढंच.

पण वाढ थांबणं आणि जिवाणू मरणं यात फरक आहे. सुकलेल्या मांसावर साल्मोनेला किंवा ई. कोलाय नुसते पडून राहू शकतात, आणि पोटात गेले की पुन्हा जागे होतात. १९९५ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या मांसातून ई. कोलायची लागण होऊन ११ जण आजारी पडले होते. ते मांस ५१ ते ५७ अंशांवर, पदार्थ वाळवायच्या यंत्रातच वाळवलेलं होतं. तेवढी उष्णता पुरली नाही.

ती का पुरत नाही, हे नीट समजून घ्या. ओल्या मांसावरचं पाणी उडत असतं तोवर ते मांसाची उष्णता घेऊन जातं. यंत्रावर ६० चा आकडा दिसत असला तरी पट्टी आतून बराच वेळ त्याहून गार असते. पट्टी सुकून गरम व्हायला लागते तोवर जिवाणूही सुकलेले असतात, आणि सुकलेला जिवाणू ओल्यापेक्षा उष्णतेला कमी दाद देतो. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी ओलं असतानाच मटण आतपर्यंत ७१ अंशांवर न्यायचं, मग वाळवायचं. कोंबडी असेल तर ७४ अंश. जुन्या पद्धतीत कच्चंच वाळवत आणि खाताना भाजून किंवा शिजवून खात, त्यामुळे धोका शेवटी कमी व्हायचा. आपण दोन्ही करू. आधी उकळ, आणि खाण्याआधी पुन्हा शिजवणं.

स्वयंपाकाचा थर्मामीटर आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, या दोन वस्तू घरात नसतील तर पहिल्यांदा त्या घ्या. बाकी सगळं नंतर.

मटण घेताना

खाटकाला सांगायचं ते आधी सांगा, सुरी चालायच्या आत. मागच्या मांडीचं बोनलेस हवं, तुकडे करायचे नाहीत, अख्खे गोळे हवेत. नाहीतर सवयीने हात चालतो आणि रश्श्याचे तुकडे होऊन समोर येतात, ज्यातून पट्टी निघत नाही. दीड-पावणेदोन किलोच्या मांडीतून साफ केलेलं लाल मांस साधारण किलोभर निघेल. हाडं सोबत मागून घ्या, सूप होतं.

मटण त्याच दिवशी कापलेलं असावं. बोकड घ्या. मेंढीच्या मांसात चरबी जास्त, आणि चरबी हाच चान्यांचा मोठा शत्रू आहे. चरबीत पाणी नसतं, त्यामुळे ती वाळत नाही. ती फक्त हवा लागून खवट होते, आणि एका पट्टीची खवट चव सगळ्या डब्याला लागते. घरी आल्यावर बसून शांतपणे पांढरा कण न् कण काढा. वरचा पातळ पडदाही सोलून काढा, कारण त्याच्याखालचं पाणी बाहेर येत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण चान्या महिनाभराने कशा लागणार हे इथेच ठरतं.

मग मटण ताटात पसरून पाऊण ते एक तास फ्रीजरमध्ये ठेवा. दगड करायचं नाही, फक्त घट्ट करायचं. घट्ट झालेलं मटण सुरीखाली सरकत नाही आणि पट्ट्या एकसारख्या निघतात.

पट्टी

जाडी ५ मिलिमीटर. ६ च्या वर अजिबात नको. पहिल्या काही पट्ट्या फुटपट्टीने मोजा, मग हाताला सवय होते. लांबी वीतभर, रुंदी दोन बोटं. कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते बघा आणि त्यांच्या बाजूने कापा. आडवं कापलं तर खायला मऊ लागतं हे खरं, पण उकळल्यावर आणि टांगल्यावर ती पट्टी स्वतःच्या वजनाने फाटते. चान्या तशाही शिजवूनच खायच्या आहेत, म्हणून लांब धागे इथे चालतात.

एक पट्टी जाड आणि एक पातळ असं झालं तर पातळ कडकडीत होते आणि जाड ओली राहते. दोन्ही एकाच डब्यात गेल्या की ओल्या पट्टीतलं पाणी सगळ्यांना मिळतं. त्यामुळे जाड निघालेल्या पट्ट्या बाजूला काढा आणि त्या दिवशीच्या भाजीत घाला.

ज्या घरात विळी आहे तिथे बायका अजून विळीवर फार सुरेख पट्ट्या काढतात. मटणाचा गोळा दोन्ही हातांत धरून पात्यावरून पुढे ढकलायचा, एका टोकाशी थोडं सोडायचं, उलटं वळवून पुन्हा ढकलायचं. अशी हातभर लांब पट्टी अखंड उलगडत जाते. हात बसला नसेल तर सुरीच बरी.

मीठ आणि हळद

एक किलो साफ केलेल्या मटणाला २५ ग्रॅम बारीक मीठ आणि एक चहाचा चमचा हळद. मीठ वजनानेच घ्या, कारण खडा मीठ, बारीक मीठ, सैंधव यांचा चमचा वेगवेगळा भरतो. हवं तर एक चमचा लाल तिखट. एवढंच. तेल नको, दही नको, कांदा नको, ओली आलं-लसणाची गोळी नको. तेल पाणी बाहेर पडू देत नाही, दही आणि वाटण वर थर धरून बसतात आणि तोच थर आधी बुरसतो.

सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालायचा का, असं गोव्याकडचे वाचक हमखास विचारतील, कारण तिकडे खारवलेल्या मांसात तो पडतो. त्या मांसाचं गणित वेगळं, ते ओलसर राहतं आणि दाबून मुरवलेलं असतं. इथे आपण उकळून पूर्ण कोरडं करतोय. सोऱ्याची गरज नाही, आणि अंदाजाने तर मुळीच घालू नये, जास्त पडला तर तो विषारी आहे.

मीठ-हळद लावून झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मटण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर नको. कच्चं मटण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि उन्हाळ्यात तर एका तासातच आत टाका.

उकळ

दुसऱ्या दिवशी पसरट पातेल्यात दोन कप पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून खळखळ उकळा. पट्ट्या थोड्या थोड्या सोडा. सगळ्या एकदम सोडल्या की पाणी गार पडतं आणि उकळी यायला वेळ लागतो. पुन्हा उकळी फुटल्यापासून ५ मिनिटं मोजा. एक जाडसर पट्टी काढून दुमडा आणि घडीच्या मधोमध थर्मामीटरचं टोक धरून बघा, ७१ च्या वर गेला पाहिजे. मटणाचा लाल रंग जाऊन करडा-तपकिरी होतो, हळदीने कडा पिवळ्या दिसतात, आणि पट्टी आखडून थोडी जाड होते. घाबरू नका, वाळताना ती पुन्हा पातळ होते.

चाळणीत निथळा, स्वच्छ पंचाने टिपा आणि लगेच वाळत घाला. गार होण्याची वाट बघायची नाही. शिजलेलं, कोमट, ओलं मटण ओट्यावर पडून राहिलं तर आतापर्यंत केलेलं सगळं वाया गेलं. वाळवायची जागा, तार, जाळी हे सगळं उकळायला घेण्याआधीच तयार हवं. आणि ज्या ताटात कच्चं मटण होतं त्यात हे ठेवू नका.

पातेल्यात उरलेलं पाणी ओतून देऊ नका. खारट असतं, पण त्यात मटणाचा सगळा अर्क उतरलेला असतो. त्याच दिवशी तुरीच्या आमटीत घाला आणि वरून मीठ घालू नका.

ऊन की यंत्र

इथे तुम्ही कुठे राहता त्यावर सगळं आहे.

परभणी, बीड, लातूर, नांदेड, अकोला, नागपूर, सोलापूर अशा ठिकाणी मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत पारा ४० च्या आसपास किंवा वर असतो आणि दुपारची हवा हाडासारखी कोरडी असते. तिथे ऊन आपलं काम चोख करतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पणजी इथे मे महिन्यातही हवेत दमट चिकटा असतो. अंगावरचा घाम जिथे वाळत नाही तिथे मटण वाळणार नाही. वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळतात मग मटण का नाही, असा प्रश्न येतो. बोंबील अंगाने बारीक, किनाऱ्यावरचा वारा दिवसभर सुटलेला, आणि कोळणींचा जन्म त्यात गेलेला. गॅलरीत टांगलेल्या मटणाला यातलं काहीच मिळत नाही. किनारपट्टीवर राहत असाल तर सरळ यंत्र वापरा. पुणे-नाशिककरांनी एप्रिलच्या कोरड्या आठवड्यात ऊन वापरायला हरकत नाही, एरवी यंत्रच.

उन्हात वाळवताना : सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पट्ट्या बाहेर गेल्या पाहिजेत, म्हणजे मधला सगळा दिवस मिळतो. म्हणून उकळ पहाटेच उरकून घ्या. स्टीलची तार किंवा जाड सुती दोरा घ्या, दाभणाने प्रत्येक पट्टीच्या एका टोकात ओवा आणि दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटांचं अंतर सोडा. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या चिकटल्या जागी ओल्या राहतात. जमिनीवर, पत्र्यावर किंवा बाजेवर पसरण्यापेक्षा टांगलेलं चांगलं, वारा चारी बाजूंनी लागतो. सगळ्याभोवती मच्छरदाणीचं कापड असं बांधा की ते पट्ट्यांना टेकणार नाही. कापड टेकलं तर माशी बाहेर बसूनही अंडी घालते. पहिल्या तीन-चार तासांत माशीचा धोका सगळ्यात मोठा, त्यानंतर वरचा थर सुकतो आणि माशीला रस राहत नाही. कावळे आणि मांजरं यांचा बंदोबस्त तुम्हालाच सुचेल.

सूर्य कलायच्या आत सगळं घरात. रात्री हवेतला ओलावा वाढतो आणि दिवसभर गेलेलं पाणी थोडं परत येतं. पहिल्या रात्री पट्ट्या अजून ओलसर असतात, त्या ताटात सुट्या पसरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या रात्री पंख्याखाली, जाळीत चालतील. कडक उन्हात दोन ते तीन दिवस लागतात. मधेच वळवाचा पाऊस आला, आभाळ आलं, तर वाट बघत बसू नका. उरलेलं वाळवण यंत्रात पुरं करा. तेही नसेल तर मटण त्याच दिवशी शिजवून खा.

यंत्रात वाळवताना : फूड डिहायड्रेटर आता ऑनलाइन सहज मिळतो. पंखा असलेला आणि तापमान ठरवता येणारा घ्या. ६० ते ६५ अंशांवर ठेवा, पट्ट्या जाळीवर सुट्या मांडा आणि दर दोन तासांनी वरचे-खालचे ट्रे बदला. ५ मिलिमीटरच्या पट्टीला साधारण ५ ते ८ तास. पावसाळ्यात तेच यंत्र जास्त वेळ घेईल, कारण बाहेरची दमट हवाच ते आत ओढतं.

ओटीजी असेल तर त्याचं सगळ्यात कमी तापमान किती ते बघा. बऱ्याच घरगुती ओटीजींची बटणं १०० च्या खाली जातच नाहीत. तेवढ्या आचेवर पट्टीचा वरचा थर झटक्यात कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. वरून खडखडीत आणि आतून ओली अशी पट्टी सगळ्यात फसवी, कारण हाताला ती वाळलेलीच वाटते आणि आठ दिवसांनी आतून कुजते. ओटीजीत वाळवू नका. मात्र उन्हात वाळवलेल्या चान्यांना शेवटी १३५ अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवणं फार चांगलं. दोन-तीन दिवस बाहेर राहिल्याने वरून जे काही लागलं असेल त्याचा निकाल लागतो.

वाळलं कधी म्हणायचं

घड्याळ बघून ठरवू नका, काट्यावर ठेवा. साफ केलेलं कच्चं मटण किती होतं ते लिहून ठेवलेलं असेलच. एक किलोचं ३०० ते ३५० ग्रॅमच्या आत आलं की पुरेसं पाणी गेलं असं समजायला हरकत नाही. ४०० ग्रॅम भरत असेल तर अजून वाळवायचंय, मग पट्ट्या दिसायला कितीही छान असोत. वजन घेतल्यावर आणखी तासभर वाळवून पुन्हा वजन घ्या. ते फारसं हललं नाही म्हणजे झालं.

वजनासोबत हाताने बघा. एक पट्टी पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना ती मऊच लागते. मग दोन्ही हातांनी वाकवा. खाऊसारखी तशीच चघळायची जर्की वाकते, तिला तडे जातात, पण ती तुटत नाही. चान्या त्याहून कोरड्या हव्यात, वाकवली की कट् आवाज होऊन मोडली पाहिजे. मोडलेल्या जागी बारकाईने पाहा. बाहेर आलेले धागे फिकट आणि कोरडे दिसतील, गाभा गडद तपकिरी पण निस्तेज. गाभ्यात कुठे लालसर चमक दिसली, किंवा मोडलेलं टोक टिश्यूपेपरवर अंगठ्याने दाबल्यावर ओला ठिपका उमटला, तर सगळ्याच पट्ट्या परत आत टाका. तेलकट ठिपका उमटला तर चरबी राहिली आहे, ती पट्टी आजच खाऊन टाका.

तपासणी सगळ्यात जाड पट्टीची करायची. पातळ पट्टी मोडून समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

भरून ठेवणं

चान्या पूर्ण गार झाल्या की बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि काचेच्या कोरड्या बरणीत भरा. कोमट भरल्या तर झाकणाला वाफ धरते. पहिला आठवडाभर बरणी रोज उचलून बघा. आतून काच धुरकट दिसली किंवा थेंब दिसला म्हणजे कुठल्यातरी तुकड्यात पाणी होतं, सगळं काढा आणि पुन्हा वाळवा. काच स्वच्छ राहिली तर पट्ट्यांमधला उरलासुरला ओलावा सगळीकडे सारखा झालेला असतो.

आता किती टिकतं. बाहेर, घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या आणि गार कपाटात दोन आठवडे. आजीच्या मडक्यात वर्ष टिकायच्या असं घराघरात सांगितलं जातं. त्या चान्या लाकडासारख्या वाळवलेल्या असत, मडकं चुलीच्या धुराजवळ असायचं, आणि आपल्या फ्लॅटमधल्या ओट्याखालच्या कपाटात तशी हवा नसते. मी दोन आठवड्यांच्या पुढे बाहेर ठेवत नाही. फ्रीजमध्ये दोन-तीन महिने, फ्रीजरमध्ये सहा महिने चव चांगली राहते. मृग लागला की बाहेर ठेवणं बंदच, मग तुम्ही बीडला असा की बोरिवलीला.

एका मोठ्या बरणीपेक्षा एका वेळच्या रश्श्याला पुरतील अशा लहान पुड्या बांधा. बरणी जितक्यांदा उघडेल तितक्यांदा दमट हवा आत जाते. हवा काढून सील करणारं यंत्र असेल तर उत्तम. खाण्याच्या पदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी टाकली तर चालते, बुटांच्या खोक्यातली नको. प्रत्येक पुडीवर तारीख लिहा. फ्रीजमधून काढलेली पुडी लगेच फोडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार तुकड्यांवर पाणी धरतं आणि परत ठेवलेल्या तुकड्यांना बुरशी येते.

टाकून कधी द्यायचं : पांढरे-हिरवे केसाळ ठिपके, चिकटपणा, कुबट किंवा खवट वास, किडा किंवा अळी. यातलं काहीही एका तुकड्यावर दिसलं तर ती सगळी पुडी टाका. बुरशी पुसून, पुन्हा उन्हात घालून, तळून खाणं हे धोक्याचं आहे. पांढरी, कोरडी, खारट पूड दिसली तर ते मीठ असू शकतं. पाण्याचा थेंब टाकून बघा, मीठ विरघळतं आणि बुरशी विरघळत नाही. तरी मनात शंका राहिली तर टाकाच.

दुसऱ्या पद्धतींबद्दल थोडं

तमिळनाडूत मटणाचे तुकडे मीठ-हळद लावून दोऱ्यात ओवून वाळवतात, त्याला उप्पुकंडम म्हणतात, आणि ते चान्यांचं अगदी जवळचं नातलग आहे. नेपाळात चुलीवर धुरात वाळवलेली सुकुटी असते. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग करतात : मांसाचे जाड तुकडे व्हिनेगर, मीठ आणि भरडलेले धने लावून कोरड्या वाऱ्यात टांगायचे, उष्णता द्यायचीच नाही. आपल्या उन्हाळ्यात कच्चं जाड मांस असं टांगणं नवख्या माणसाने करू नये.

परदेशात राहणाऱ्यांना घरच्यांनी चान्या बांधून द्यायच्या म्हटलं तर आधीच सांगा, नका देऊ. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपीय संघातले देश प्रवाशांच्या सामानातून भारतातलं मांस आत नेऊ देत नाहीत, वाळवलेलं असलं तरी. तिकडेच चांगलं मटण घ्या आणि तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, हीटर चालू असताना यंत्रावर करा. उलट जास्त छान वाळतं.

रस्सा

चौघांना १०० ग्रॅम चान्या पुरतात. गार पाण्यात एकदा खळबळून घ्या, मग कढत पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी चाखा. फार खारट असेल तर ओतून द्या, नाहीतर रश्श्यात वापरा. कुकरमध्ये नव्या पाण्यात चार शिट्ट्या. कढईत तेल, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा लाल होईपर्यंत परता, तिखट घाला, शिजलेल्या चान्या त्यात दोन मिनिटं परता आणि मग त्यांचंच पाणी ओता. मराठवाड्यातली असाल तर येसूर (भाजलेल्या धान्याची आणि मसाल्यांची पूड) दोन चमचे पाण्यात कालवून लावा, रस्सा दाट येतो. येसूर नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. मीठ शेवटी, चाखूनच. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलंय त्यांच्यासाठी हा रोजचा पदार्थ नाही, त्यांनी भिजवलेलं पाणी दोनदा बदलून थोडंच घ्यावं.

विस्तवावर भाजून खायच्या असतील तर आधी शिजवून, निथळून मग निखाऱ्यावर किंवा तव्यावर टाका आणि कडा काळपट होईपर्यंत उलटसुलट करा. वर कच्चा कांदा, लिंबू, आणि सोबत ज्वारीची गरम भाकरी.